बाळंतीण घरी आल्यावर: पहिल्या ४२ दिवसांत आईची काळजी

माझ्या लेकीच्या बाळंतपणात सहाव्या दिवशी सकाळी तिचं डोकं दुखायला लागलं. रात्रभर बाळ रडलं होतं, झोप झाली नसेल असं आम्ही धरून चाललो. मी तिच्या कपाळाला बाम चोळला, एक गोळी दिली आणि बाळाला मांडीवर घेऊन बसले. दुपारी ती म्हणाली, "आई, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत गं." शेजाऱ्यांकडे बीपीचं मशीन होतं, त्यावर मोजलं तर १६८/११०. गरोदरपणात तिचं बीपी एकदाही वाढलं नव्हतं. संध्याकाळी ती दवाखान्यात भरती झाली, चार दिवसांनी बरी होऊन घरी आली.

बाळानं दिवसात किती वेळा शू केली हे त्या घरात सहा माणसांना पाठ होतं. आईचं डोकं सकाळपासून दुखतंय हे एकट्या मला माहीत होतं, आणि मीही ते मनावर घेतलं नाही. पुढचं सगळं त्या दुपारमुळे लिहिते आहे. घरात पहिल्यांदाच बाळंतीण सांभाळायची वेळ आलेल्या नवऱ्यासाठी, बहिणीसाठी, नणंदेसाठी, सासूबाईंसाठी. आणि माहेर लांब असल्यामुळे पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात दोघांनीच निभावणाऱ्यांसाठीसुद्धा.

दवाखान्यातून निघण्याआधी

डिस्चार्जच्या कागदावर बाळाचं वजन सगळे वाचतात. तुम्ही आईच्या ओळी वाचा. हिमोग्लोबिन किती आलं, रक्त जास्त गेलं होतं का, टाके कुठे आणि किती, विरघळणारे की काढायचे, शेवटचं बीपी किती, कोणती गोळी किती दिवस, परत कधी दाखवायचं. एवढं सिस्टरना विचारून लिहून घ्या. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत मिळालं आहे ना, हे तोंडी विचारूनही घ्या. ते राहून गेलं तर पुढच्या बाळंतपणात बाळाला त्रास होऊ शकतो.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, घरी सोडायची गाडी हे सगळं मोफत असतं. जेवणही, नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवसांपर्यंत. म्हणून पहिल्याच दिवशी घरी न्यायची घाई करू नका. सगळं सुरळीत असलं तरी पहिले २४ तास तिथेच राहावं, कारण जास्त रक्त जाण्याचा मोठा धोका त्याच वेळात असतो.

लोक बाळंतविडा आणतात त्यात झबली, टोपडी, दुपटी, खुळखुळे असतात. आईची पिशवी तुम्हीच भरून ठेवा: मोठे पॅड, सुती सैल अंतर्वस्त्रं, पुढून उघडणारे गाऊन, थर्मामीटर, पडल्या पडल्या पिता येईल अशी पाण्याची बाटली, न्हाणीघरात वेगळा मग. आणि जमलं तर बीपीचं मशीन. मला विचाराल तर पाळण्याच्या आधी ते घ्या.

दाराच्या मागे एक वही

एक साधी वही दोऱ्यानं टांगा. रोज सकाळ-संध्याकाळ आईला पाच गोष्टी विचारायच्या आणि तिथेच लिहायच्या: अंगावरून किती जातंय आणि रंग कसा, ताप आहे का, लघवी-संडास झाली का आणि जळजळ होते का, डोकं किंवा पाय दुखतात का, झोप किती झाली आणि मन कसं आहे. दोन मिनिटांचं काम आहे. पहिला आठवडाभर बीपीही लिहा.

"कशी आहेस?" असं मोघम विचारलं की बाळंतीण "बरी आहे" म्हणते. माझी लेकही तेच म्हणत होती. "सकाळपासून किती पॅड बदललेस?" असं विचारलं की खरं उत्तर येतं.

बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरोघरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची ही रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात घालून दाखवली आणि पुढे ती देशभर गेली. आशाताई बाळाचं वजन करतील, ताप बघतील. ती वही त्यांच्या हातात द्या आणि आईकडेही बघायला सांगा.

अंगावरून जाणं

बाळंतपण नॉर्मल असो की सिझर, अंगावरून जातंच. पहिले तीन-चार दिवस लालभडक, मग तपकिरी-गुलाबी, साधारण दहाव्या दिवसानंतर पिवळसर-पांढरं. चार ते सहा आठवड्यांत थांबतं. तेवढ्या काळात किलोभर झालेली गर्भपिशवी शंभर ग्रॅमच्या आत येते. दूध पाजताना पोटात कळा येतात त्या याच आकसण्याच्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जास्त येतात. घाबरायचं कारण नाही. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी पाजायच्या थोडं आधी घेतली की सुसह्य होतं.

रंग फिका झाल्यावर पुन्हा लाल जायला लागलं तर बहुतेक वेळा तिनं त्या दिवशी जास्त काम केलेलं असतं. झोपवा. तरीही दुसऱ्या दिवशी तसंच राहिलं तर दाखवा. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, किंवा घाण वास येत असेल तर मात्र वाट बघायची नाही. "विटाळ निघून जाऊ दे, जितकं जाईल तितकं चांगलं" हे मी कितीतरी म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. ते खरं नाही. बाळंतिणी सर्वांत जास्त दगावतात त्या रक्त जाऊनच.

पॅड दर चार-सहा तासांनी बदलायचा, भिजला नसला तरी. घडीचं कापड वापरत असाल तर साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवा, न्हाणीघराच्या कोपऱ्यात लपवून नाही.

टाके, लघवी आणि उठणं-बसणं

खालचे टाके असतील तर लघवीला बसल्यावर मगानं कोमट पाणी ओतत राहावं, जळजळ कमी होते. धुताना हात पुढून मागे. मग कोरडं टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोनदा दहा मिनिटं बसलं की ठणका उतरतो. बाळंतपणानंतर पहिल्या सहा तासांत लघवी व्हायलाच हवी, नाही झाली तर सिस्टरना सांगा.

सिझर हे पोटाचं मोठं ऑपरेशन आहे. "तिला काय, कळा सोसाव्या लागल्या नाहीत" असं कोणी तिच्यासमोर बोललं तर तिथल्या तिथे थांबवा. तिनं उठताना आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्यानं बसावं. खोकताना-शिंकताना पोटाला उशी दाबून धरावी. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. भरलेली बादली नाही, कुकर नाही, मोठं मूलही नाही. मोठं मूल तिच्याजवळ झेपावणारच. त्याला पलंगावर तिच्या शेजारी बसवा.

पडून राहावं हे खरं, पण दिवसरात्र गादीला खिळून नाही. दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात सावकाश चालायला हवं, नाहीतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. खालच्या स्नायूंचा व्यायाम पहिल्या आठवड्यातही पडल्या पडल्या करता येतो. लघवी रोखल्यासारखे स्नायू आत ओढायचे, पाच आकडे मोजायचे, सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मात्र हा प्रयोग नको. हसताना-खोकताना लघवी निसटते म्हणून पुढे कितीतरी बायका लग्नाकार्याला जायच्या बंद होतात आणि कोणाला सांगत नाहीत. त्यांना हे पहिल्या आठवड्यात कोणी शिकवलेलं नसतं.

पाणी आणि ताट

माझ्या पहिल्या बाळंतपणात, १९९४ साली, मला दिवसाला दोन पेले उकळलेलं पाणी मिळायचं. जास्त पाण्यानं पोट सुटतं, टाके पिकतात अशी समजूत. मेचे दिवस होते. चौथ्या दिवशी संडासला इतकं कडक झालं की टाक्यांवर ताण येऊन मी रडत बाहेर आले, आणि आठवड्याच्या आत लघवीला जळजळ सुरू झाली. ज्यांनी मोजून पाणी दिलं त्यांची माझ्यावर माया होती, म्हणून मागून घेण्याचं धाडसही झालं नाही.

बाळंतिणीला तहान लागेल तेवढं पाणी द्या, आणि प्रत्येक पाजण्याच्या वेळी एक पेला तिच्या हातात ठेवा. कोमट आवडलं तर कोमट, साधं आवडलं तर साधं. ओव्याचं पाणी, जिऱ्याचं पाणी, पेज, ताक, वरणाचं पाणी सगळं चालतं.

आपल्या घरचं बाळंतिणीचं खाणं मला मनापासून पटतं, एका अटीवर: त्यात भर घाला, काटछाट करू नका. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर साधारण दोन भाकऱ्या, वाटीभर वरण आणि कपभर दूध. घाटावर बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, शेपू-मेथीची भाजी आणि वर तूप. कोकणात मऊ भात, कुळथाचं कढण. ही ताटं चांगलीच आहेत. बिघडतं कुठे, तर "डाळ वातूळ, फळ थंड, दही नको, पालेभाजीनं बाळाचं पोट बिघडेल" असं म्हणत म्हणत ताटात भाकरी-तूपच उरतं तिथे. वरण, उसळ, अंडं, घरात चालत असेल तर मासे-मटण, एखादं पेरू-संत्रं-पपई, दही हे सगळं तिला हवं. टाके भरायला प्रथिनं लागतात, संडास साफ व्हायला भाज्या.

अळिवाची खीर सकाळसाठी सोयीची. चमचाभर अळीव दोन-तीन तास पाण्यात किंवा नारळाच्या पाण्यात भिजवायचे, फुलून आले की दुधात शिजवून गूळ आणि जायफळ घालायचं. अळिवात लोह भरपूर असतं. डिंकाच्या लाडवात तळून फुलवलेला डिंक, खारकेची पूड, सुकं खोबरं, खसखस आणि गूळ. एक लाडू आणि दूध हा तिचा पहाटेचा आधार. रात्री तीनला पाजून झाल्यावर तिला खरी भूक लागते, तेव्हा डबा हाताशी हवा. दिवसाला चार लाडू खाऊ घालण्यात मात्र काही साधत नाही. दूध लाडवानं वाढतं असं सगळे म्हणतात. ते वाढतं बाळानं वारंवार ओढल्यानं. लाडू आईला ताकद देतो, आणि तेवढं काम पुरेसं आहे. गरोदरपणात साखर वाढली असेल तर गूळ-तुपाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

लोह-फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक, १८० दिवस. कॅल्शियमची दिवसातून दोनदा, तीही सहा महिने. दोन्ही एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर चहाही नको. आम्ही कॅल्शियम न्याहारी आणि दुपारच्या जेवणानंतर, लोह रात्रीच्या जेवणानंतर अशी वेळ लावली.

शेक, शेगडी, मालिश

इथे मी आमच्या घरच्या थोरांशी भांडले आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवायची नाही. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि आई आणि बाळ झोपेतच दगावू शकतात. ओवा-बाळंतशोपांची धुरीही बाळाच्या छातीला चांगली नाही. ऊब हवी तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून कंबरेला द्या, खोली उबदार ठेवा, पायात मोजे घाला. बाळंतशोपा जेवणानंतर चघळायला द्या.

मालिशवाली बाई आली तर पाठ, कंबर, पाय चोळून घेणं बाळंतिणीला फार सुखाचं वाटतं आणि त्यात वावगं काही नाही. एका पायाला सूज किंवा पोटरीत दुखणं असेल तर त्या पायाला हात लावू देऊ नका. सिझरच्या पोटावर मालिश नाही, जखम भरेपर्यंत कडकडीत पाण्याचा मारा नाही. पोटपट्टा आधार वाटेल एवढा सैल. आवळून बांधल्यानं पिशवी लवकर आत जात नाही, उलट खालच्या स्नायूंवर दाब येतो.

छाती दाटते तेव्हा

पहिलं चिकाचं दूध पिळून टाकायचं नाही, ते बाळाचंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, अंगात कसकस येते. पाजण्याआधी कोमट कापडाचा शेक, थोडं दूध हातानं काढून मऊ करणं, पाजल्यावर गार कापड. दिवसात आठ ते बारा वेळा पाजलं की दोन-तीन दिवसांत बसतं. बोंडाला चिरा पडल्या तर बहुतेक वेळा बाळाची पकड चुकलेली असते: तोंडात नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही जायला हवा. छातीवर लाल, गरम, दुखरा चट्टा आणि ताप असेल तर डॉक्टरांकडे जा, पण पाजणं थांबवू नका.

आणि "दूध पुरत नाही वाटतं" हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहाहून जास्त वेळा शू करतंय आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलंय, तर पुरतंय.

झोप आणि मन

बाळ झोपलं की तिनंही झोपावं, असं सांगणं सोपं. तेव्हाच घरात भांडी आदळतात आणि बघायला माणसं येतात. रात्रीचं काम वाटून घ्या: पाजणं तिचं; ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा निजवणं नवऱ्याचं. दिवसातून एकदा, पाजून झाल्या झाल्या, दोन-तीन तास दार लोटून तिला सलग झोपू द्या. भेटायला येणाऱ्यांना "पंधरा मिनिटं" असं स्पष्ट सांगायचं काम घरच्यांचं, तिचं नव्हे. बारशाला तिला पाटावर तासन् तास बसवू नका. नाव ठेवलं की आत जाऊ द्या.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास विनाकारण रडू येतं. बहुतेक जणींना येतं. जवळ बसा, उपदेश नको. दोन आठवड्यांत ते ओसरतं. नाही ओसरलं, किंवा बाळाकडे बघावंसं वाटत नाही, बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, "मी नसते तर बरं" असं तोंडातून निघतं, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. टेली मानस ही मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, तिच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. ती भलतंसलतं बोलायला लागली, नसलेले आवाज ऐकायला लागली, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचं बोलली तर तिला एक क्षणही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. ही बाहेरची बाधा नाही.

मुलगी झाली म्हणून घरात कोणी सुस्कारा टाकला असेल तर तो तिनं ऐकलेला असतो, हेही ध्यानात ठेवा.

वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवा

यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघायचं, गाडी नसेल तर १०८ ला फोन:

- तासात पॅड पूर्ण भिजतो, मोठ्या गाठी पडतात, घेरी येते
- ताप १००.४ किंवा त्याहून जास्त, थंडी वाजते, अंगावरच्याला घाण वास येतो
- गोळीनं न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीखाली दुखणं, झटका
- एका पोटरीला सूज आणि दुखणं
- दम लागणं, छातीत दुखणं
- टाक्यांतून पू, जखम उसवणं

बीपी १४०/९० च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० म्हणजे लगेच दवाखाना. गरोदरपणात बीपी नव्हतं म्हणून आता होणार नाही असं नसतं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत ते चढू शकतं. आणि आत गेल्यावर पहिल्यांदा सांगायचं, "सहा दिवसांची बाळंतीण आहे." नाहीतर साधी डोकेदुखी समजून बाकावर बसवून ठेवतात.

सव्वा महिना सरला की

सव्वा महिना झाला की घरात तिला सगळ्या कामाला मोकळी समजतात, आणि ४२ व्या दिवसाची तपासणी राहून जाते. बाळाची सहा आठवड्यांची लस त्याच सुमारास असते, तेव्हा दोघांचं एकाच फेरीत उरका. पण केसपेपर दोन काढा. तिचं बीपी, हिमोग्लोबिन, टाके बघून घ्या. साखर वाढली होती तर सहा ते बारा आठवड्यांत पुन्हा साखरेची तपासणी. लघवी निसटते का हे तिला लाजेपोटी सांगता येणार नाही, म्हणून आधी घरी विचारून वहीत लिहा.

पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावर पाजणं आणि पाळी न आलेली, या तिन्ही गोष्टी असतील तरच भरवसा धरता येतो. पाळणा लांबवायला तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, निरोध यांतलं काय, ते त्याच भेटीत दोघांनी मिळून विचारा. शरीरसंबंध कधी, हे टाके भरल्यावर, अंगावरचं थांबल्यावर, आणि ती स्वतः म्हणेल तेव्हा.

नोकरी करणारीला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं आहे, त्यातली किती उरली हे मोजून ठेवा. आणि गोळ्यांची पाकिटं मोजा. ४२ व्या दिवशी लोहाच्या अजून १३८ गोळ्या बाकी असतात. रात्रीच्या जेवणानंतर ती गोळी आणि पाण्याचा पेला तिच्या हातात कोण ठेवणार, ते त्याच संध्याकाळी ठरवून वहीत नाव लिहा.